दुसऱ्यांदा विचारायचं नाही

दामूदादा भोईरांना एकच गोष्ट दोनदा विचारली, की ते उठून जायचे. भांडण नाही, आवाज चढवणं नाही, सरळ उठायचे. भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या एका हॉटेलात वेटरनं त्यांना विचारलं, "चहात साखर कमी ना?" ते हो म्हणाले. पाच मिनिटांनी तोच वेटर चहा घेऊन आला आणि म्हणाला, "कमी साखरवाला कुणाचा?" टेबलावर आम्ही दोघंच होतो आणि माझ्यापुढे लस्सी होती. दामूदादा उठले, चहाचे पैसे टेबलावर ठेवले आणि चहा न पिता निघून गेले. मी मात्र लस्सी संपवूनच उठले. उगीच कशाला टाकायची?

बँकेच्या एका फॉर्मवर पहिल्या पानावर नाव विचारलं होतं आणि तिसऱ्या पानावर पुन्हा. दामूदादांनी तिसऱ्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पान एक पाहावे.' जन्मतारखेपुढे लिहिलं, 'तिथेच.' क्लार्कनं फॉर्म परत केला, यांनी तो तसाच पुन्हा दिला. अशा चार फेऱ्या झाल्या. शेवटी मॅनेजरनं त्यांना आत बोलावलं आणि प्रेमानं विचारलं, "आपलं नाव काय?" ते खातं काही उघडलं नाही.

त्यांचं लग्नही यापायीच राहिलं, असं ऑफिसात लोक सांगायचे. मुलीच्या वडिलांनी शिक्षण विचारलं, त्यांनी सांगितलं. मग कांदेपोहे आले, मुलीचे मामा आले, मामांनी पोह्यांची बशी घेत शिक्षण विचारलं. पुढचं सांगायला नको.

मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. होऊन पराग सरांच्या ऑफिसात लागले होते. ऑफिस म्हणजे नाक्याजवळच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत कॉम्प्युटरचे क्लास चालायचे, दुसरीत सॉफ्टवेअर बनायचं. सॉफ्टवेअरच्या खोलीत माणसं दोनच, दामूदादा आणि मी. ते चाळिशी ओलांडलेले, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेले, प्रोग्रॅमिंग आपलं आपणच शिकलेले. भोईरांच्या शेतजमिनीवर गोदामं उभी राहिली तेव्हा भावकीनं बंगले बांधले, गाड्या घेतल्या. यांनी आपल्या वाट्यातून दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला आणि एक कॉम्प्युटर. भावकीत त्यांना 'खुळा दामू' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची फारशी हरकतही नव्हती.

आपला नियम ते स्वतःलाही लावायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ओळीनं विचारून घेतलं. चहा की कॉफी? साखर किती? पंख्याखाली चालतं का? नावानं हाक मारू की आडनावानं? उपास कुठल्या वारी? मी उत्तरं दिली आणि त्यानंतर दोन वर्षांत यातलं एकही त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझा गुरुवार ते माझ्यापेक्षा जास्त पाळायचे. मी विसरून वडापाव आणला तर तो उचलून क्लासच्या खोलीत नेऊन द्यायचे. पुढे मी साखर सोडली, तरी माझ्या टेबलावर दोन चमचे साखरेचा चहा येतच राहिला. महिन्याभरानं मी धीर करून सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"महिनाभर तू नको असलेला चहा प्यायलीस? अगं, सेटिंग बदललीस तर सांगायचं ना."

'सेटिंग' हा शब्द त्यांच्या तोंडी सारखा असायचा. माणूस चांगला की वाईट हे त्यांच्या लेखी दुय्यम होतं. त्याची सेटिंग समोरच्याला ठाऊक आहे की नाही, एवढंच ते बघायचे.

अशा माणसाच्या हाती अन्सारीसेठचं काम आलं. सेठचे लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, तीन कारखाने होते. प्रत्येक शिफ्टला कुठल्या लूमवर किती मीटर कापड निघालं, ते मुकादमानं फोनवर भरायचं, असं सॉफ्टवेअर त्यांना हवं होतं. तेव्हा आम्ही अ‍ॅप वगैरे म्हणत नव्हतो. फोन बटणांचे, त्यात जावामधला प्रोग्रॅम चालला तरी आम्ही खूश. पहिल्या स्क्रीनवर भाषा आणि अक्षराचा आकार विचारायचा, दुसऱ्यावर कारखाना आणि शिफ्ट, तिसऱ्यावर लूमचा नंबर आणि मीटर.

स्क्रीन मी लिहिले. पहिल्यावर हिंदी निवडलं, दुसरा हिंदीत आला आणि तिसरा आपला खुशाल इंग्रजीत. मागे गेलं की पहिला स्क्रीन पुन्हा भाषा विचारायचा. दामूदादांनी ते बघितलं आणि खुर्चीवरून उठले. मला वाटलं, आता हे फोनवर रुसून घरी जाणार. ते खिडकीपर्यंत जाऊन परत आले.

"शुभा, तुमच्या घरात मिठाच्या बरण्या किती?"

"एक."

"इथं तू तीन ठेवल्यास. प्रत्येक स्क्रीनची आपापली. एकीत भरलंस, दुसरीला पत्ता नाही. एकच बरणी ठेव. ठेवायचं तिच्यात, घ्यायचं तिच्यातूनच."

मी एकच बरणी केली. म्हणजे सगळ्या सेटिंग फोनच्या मेमरीत एका जागी लिहायच्या आणि प्रत्येक स्क्रीननं उघडताना तिथूनच वाचायच्या. ऑफिसात झकास चाललं. सेठनं आठवडाभर वापरून बघायला एका मुकादमाचा फोन दिला, आम्ही त्यात ते टाकून दिलं आणि चौथ्याच दिवशी सेठचा फोन आला, "भाई, ये तो रोज हमको नए सिरे से पहचानता है."

दामूदादा कारखान्यात जाऊन बसले. लूमच्या त्या खडखडाटात, पूर्ण एक शिफ्ट, मुकादमाच्या हाताकडे बघत. परत आले तेव्हा केसांत सुताचा भुरा होता आणि चेहऱ्यावर समाधान. मुकादमाकडे सिम दोन होती, एक इथलं आणि एक गावाकडचं. संध्याकाळी घरी बोलायचं म्हणून तो गावाचं सिम घालायचा, आणि त्यासाठी फोनची बॅटरीच काढायचा, सॉफ्टवेअर चालू असतानाच. आमचं सॉफ्टवेअर सेटिंग लिहून ठेवायचं ते 'बाहेर' असं बटण दाबल्यावर. ते बटण मी चार तास खपून सजवलं होतं. मुकादमानं ते एकदाही दाबलं नव्हतं.

"बाहेर पडताना कोण सांगतं गं?" दामूदादा म्हणाले. "मी बसलो होतो तेवढ्यात दोनदा लाइट गेली. ती सांगून गेली? भिवंडीत काही सांगून जात नाही. उत्तर मिळालं की तिथल्या तिथे लिहून ठेवायचं. पुढच्या मिनिटाचा भरवसा धरायचा नाही."

"फोन हळू चालेल, दामूदादा."

"चालू दे."

या सगळ्यात पराग सरांचा पारा चढत होता. काम लांबलं होतं आणि दामूदादा रोज दुपारी एक वाजता घरी जायचे, सव्वादोनला यायचे, संध्याकाळी पाचच्या ठोक्याला पुन्हा उठायचे. घरी आई आहे, एवढंच आम्हाला माहीत होतं. सरांना वाटायचं, या वयात काय आईच्या हातचं गरम जेवण. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

एका बुधवारी त्यांची धाकटी बहीण ऑफिसात आली. वत्सलाताई, पडघ्याला दिलेल्या. क्लासच्या खोलीत पोरं होती, म्हणून त्या आमच्याच खोलीत, माझ्यासमोर बोलल्या.

"दादा, आईला मी नेते. माझ्याकडं घर मोठं हाय, सुना हायेत. तू एकटा किती करशील?"

"मी करतो ना."

"अरे, ती तुला ओळखत बी न्हाय. तिला तू काय नि मी काय, सारखाच. मंग इथंच कशाला ठेवायची? रविवारी गाडी घेऊन येतेय."

दामूदादा स्क्रीनकडे बघतच म्हणाले, "वत्सू, हे तू मागच्या महिन्यातही विचारलं होतंस." आणि उठून गेले.

वत्सलाताई त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसून रडल्या. त्यांच्याकडून मला कळलं की दोन वर्षांपासून आजींचं, म्हणजे दामूदादांच्या आईचं, डोकं उतरणीला लागलंय. दामूदादा ऑफिसात असतात तेवढा वेळ शेजारच्या काकू बसतात, बाकी आंघोळीपासून सगळं तेच करतात. "आईचं काय, ती कुठं बी राहील," ताई म्हणाल्या. "याचं काय व्हायचं? त्याला कोण हाय? पन ओळखत न्हाय त्या माणसासाठी किती दिवस झिजायचं, सांग मना." दोन वर्षं मी या माणसाच्या नकला करून मैत्रिणींना हसवत होते, त्याची मला लाज वाटली.

सोमवारी सेठना काम द्यायचं होतं, म्हणून शेवटची तपासणी करायला दामूदादांनी मला रविवारी सकाळी घरी बोलावलं. मुकादमाचा फोन घेऊन मी गेले. दार आजींनीच उघडलं. ठेंगण्या, नऊवारी नेटकी नेसलेल्या, कपाळाला कुंकू नसलेल्या.

"कोन गं तू?"

मी नाव सांगितलं. आत जाऊन बसले तर पुन्हा, "कोन गं तू?" मी काही बोलायच्या आत दामूदादा म्हणाले, "ही शुभांगी. माझ्या ऑफिसात असते. हुशार आहे." पाच मिनिटांत आजींनी ते सहा वेळा विचारलं आणि सहाही वेळा दामूदादांनी पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगितलं. खुर्चीतून उठणं सोडाच, ते हललेही नाहीत.

मी सॉफ्टवेअर उघडलं, हिंदी आणि मोठी अक्षरं निवडली, चालू असतानाच बॅटरी काढली. परत घालून उघडलं. तिन्ही स्क्रीन हिंदीत, अक्षरं मोठी. दामूदादांनी मान हलवली. त्यांचं लक्ष खाली रस्त्याकडे होतं. गाडी यायची होती.

आजी त्यांना म्हणाल्या, "मीटरवाले, बसा वाईच. बिल माझा पोरगा भरतो. ड्युटीवर गेलाय, येल आता."

त्या त्यांना विजेचं मीटर बघायला आलेला माणूस समजत होत्या. मला कुठं बघावं ते कळेना.

"बसतो, मावशी," दामूदादा म्हणाले. आपल्या आईला मावशी म्हणताना त्यांचा आवाज जराही वेगळा झाला नाही. सवय झाली असावी. "मुलगा चांगला आहे का?"

"चांगला हाय, पन खुला हाय." आजी हसल्या. "त्याना भात मोकला लागतो. वरनावर तूप घातलं तर जेवत न्हाय, तूप बाजूला. भाजलेला बोंबील पायजे, पन काटा लागला का दोन दिवस मासलीकडं बघत न्हाय. अन् उजव्या कानानं ऐकू येत न्हाय त्याला."

मी दामूदादांकडे बघितलं. ते फरशीकडे बघत होते.

"लहानपनी ताप आला व्हता, त्यात गेला कान. कुनाला सांगत न्हाय, लाजतो. शालेत गुरुजी विचारायचा, याला ऐकू जायचं न्हाय. दुसऱ्यांदा विचारलं का छडी. रोज छडी खाऊन यायचा पोर माझा. म्हनून त्याच्याशी बोलायचं तर डाव्या अंगाला जाऊन बोलावं, एकदाच, नीट. मंग काय बी तरास देत न्हाय."

वत्सलाताई दारात उभ्या होत्या. त्या कधी जिना चढून आल्या, मला कळलं नव्हतं. हातात आईचे कपडे न्यायला आणलेली मोठी पिशवी होती. त्यांच्या तोंडावरून दिसत होतं, की हे सख्ख्या बहिणीलाही माहीत नव्हतं. मला तर कुठून असणार? कामाला लागले त्या दिवशी दामूदादांनी माझं टेबल स्वतः उचलून आपल्या डावीकडे आणलं होतं. तिथं उजेड बरा येतो, असं म्हणाले होते.

"मीटरवाले, जेवलात का?" आजींनी विचारलं.

"नाही, मावशी."

"मंग त्याच्या ताटात जेवा. त्याला उशीर होईल. त्याचं काय न्हाय, तो रागवायचा न्हाय."

ताट दामूदादांनीच सकाळी करून ठेवलेलं होतं. आजींनी ते पुढे सरकवलं, तुपाची वाटी उचलून बाजूला ठेवली. दामूदादा जेवायला बसले. भाताचं पातेलं घेऊन आजी उठल्या. त्या त्यांच्या उजव्या हाताला होत्या, तिथूनच वाढता आलं असतं. पण त्या एका हातानं भिंतीचा आधार घेत, त्यांच्या पाठीमागून सावकाश पलीकडे गेल्या आणि डाव्या कानापाशी वाकून म्हणाल्या, "भात वाढू?"

दामूदादांनी ताट पुढे केलं.

वत्सलाताईंनी पिशवीची घडी घातली आणि खाली जाऊन गाडी परत पाठवून दिली.