माझूआईचा नांगर आणि मोहरीचा रांजण

दगड धुवायचा, एवढंच मी ठरवलं होतं. पुढे जे झालं त्यात माझा हात होता हे मी नाकारत नाही, पण तो ओला होता, एवढं लक्षात घ्यावं.

दगड साधासुधा नव्हता. आमच्या हायवेई गावाचे पूर्वज समुद्रापलीकडून पेंगहू बेटांवरून इकडे येत होते, तेव्हा वादळात त्यांच्या बोटीचा नांगर तुटून गेला. त्यांनी समुद्राच्या देवीचा, माझूआईचा, धावा केला. लाल वस्त्रातली एक बाई लाटांवरून चालत आली, तिने बोटीला एक दगड बांधून दिला आणि बोट जागच्या जागी उभी राहिली. उजाडलं तेव्हा समोर आमचा किनारा होता. तोच हा नांगराचा दगड. तो आणि माझूआईचं धूपपात्र वर्षभर कोणाच्या घरी राहणार, हे दरवर्षी कौल लावून ठरतं. अर्धचंद्रासारखे दोन लाकडी तुकडे देवीपुढे टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला की देवीचा होकार. ज्याला ओळीने सर्वांत जास्त होकार, तो त्या वर्षीचा मानकरी. ह्या वर्षी मान आमच्या ह्यांना मिळाला. (हे देवळात गेले होते ते तिथल्या फुकटच्या शेवयांसाठी, पण देवी तेवढं बघत नाही.) झाडलोट कोणी करायची ते कौलात विचारावं लागत नाही.

आणि नेमकं ह्याच वर्षी तैपेईच्या टीव्हीवाल्यांनी कळवलं की आम्ही तुमच्या दंतकथेमागचं सत्य शोधायला येतोय.

तो कार्यक्रम आमच्याकडे नेमाने बघितला जातो. सासूबाई मोतीबिंदूच्या डोळ्यांनी पडद्याला नाक लावून बघतात आणि निवेदकाला रागावतात. आदल्याच भागात टीव्हीवाल्यांनी डोंगरातल्या एका गावात जाऊन तिथल्या ड्रॅगनचा हुंकार म्हणजे फुटलेल्या पाइपातली हवा, असं दाखवलं होतं. शेवटी त्या गावचा म्हातारा पुजारी कॅमेऱ्याकडे असा काही बघत राहिला की मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

देवळाचे अध्यक्ष लियावकाका आनंदून गेले. सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येऊ देत. पण तो नुसताच दगड निघाला, तर तुझ्या सासऱ्यांना चाळीस वर्षं समुद्रावरून परत कोण आणत होतं, ते पण त्यांनाच विचार."

सासरे दर हंगामाच्या सुरुवातीला त्या दगडावर हात ठेवून बोट काढायचे. दरवेळी परत आले, आणि शेवटी घरात, गादीवर, झोपेत गेले. सासूबाईंच्या लेखी हा हिशेब पक्का होता. आता तो तैपेईचे लोक तपासणार होते. मी त्याच संध्याकाळी देवीपुढे नवस बोलले: आई, म्हातारीला जे ऐकायचंय ते ऐकू दे, मी कालवांचं आम्लेट सोडते. (आमचे हे कालवांची शेती करतात. त्यावरून नवसाचं वजन ओळखावं.)

तर, धुणं. दगड कायम लाल कापडात बांधलेला असतो. उघडा कोणी बघितलेला नाही, बघायची रीतही नाही. पण ते कापड धुराने इतकं काळवंडलं होतं की टीव्हीवर लोक म्हणाले असते, हायवेईच्या बायका काय करतात? मी कौल लावला: आई, धुऊ का? दोन्ही तुकडे उताणे पडले. ह्याचा अर्थ देवी हसतेय. 'होय'ही नाही, 'नाही'ही नाही, नुसती हसतेय, परत विचारायचं. परत विचारलं तर होकार आला. (हसण्यासारखं काय आहे, ते विचारून घ्यायला हवं होतं. पण कौलात असला प्रश्न चालत नाही.)

कापड सोडलं. आत लाल भोपळ्याएवढा काळा दगड, आणि मधोमध दोर बसेल अशी खाच, कंबरेसारखी. तांदळाच्या धुवणाने अंघोळ घातली, परसातल्या बाकावर उन्हात ठेवला, नवं लाल कापड घडी करून देव्हाऱ्यापाशी ठेवलं आणि उदबत्त्या आणायला बाजारात गेले.

आता परसात शेजारीच मोहरीच्या पाल्याचा रांजण होता, कारण दिवस खारवणाचे होते. पाला मिठात घालून मी सकाळीच ह्यांना सांगून ठेवलं होतं की कालवांवरून आलात की वर दगड ठेवा. आमचा दडपायचा दगड नेहमीप्रमाणे भिंतीशी जमिनीवर पडला होता. हे आले, त्यांना बाकावर स्वच्छ धुतलेला दगड दिसला, बायकोने आपल्यासाठी दगड धुऊन ठेवला म्हणून त्यांना भरून आलं (असं ते अजूनही म्हणतात), आणि तो त्यांनी रांजणात ठेवून वर झाकण लावलं.

मग सासूबाई परसात आल्या. बाक ओला, त्यावर काही नाही, आणि काळा दगड जमिनीवर. देवीचा दगड धुळीत! त्यांनी तो उचलला, त्याची क्षमा मागितली, नव्या कापडात बांधला आणि देव्हाऱ्यात ठेवला. सुनेचा वेंधळेपणा कोणाला कळू नये म्हणून कोणाला बोलल्या नाहीत.

घरात माणसं तीन. तिघांनीही चांगलंच केलं.

मी परत आले तर देव्हाऱ्यात दगड छान गाठ मारून बसलेला. मी ह्यांना म्हटलं, "नीट ठेवलात हो अगदी." हे म्हणाले, "त्यात काय, जड नव्हता." लग्नानंतर प्रथमच आम्ही एकमेकांचं इतकं कौतुक केलं, आणि तेही दोन वेगळ्या दगडांचं.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवाले आले. कुमारी क्वान नावाची चटपटीत मुलगी सगळ्यांची प्रमुख होती, आणि प्राध्यापक येन नावाचे एक शांत गृहस्थ होते, त्यांच्याकडे दगडाला टेकवलं की आत काय काय आहे ते सांगणारं यंत्र होतं. अर्धं गाव आमच्या दारात. लियावकाकांनी मुलाच्या लग्नातला कोट घातला होता. कापड सोडायच्या आधी त्यांनी रीतीप्रमाणे कौल लावला. दोन्ही तुकडे उताणे.

"ह्याचा अर्थ काय?" क्वानने विचारलं.

"देवी हसतेय."

"का?"

"ते ती सांगत नाही," लियावकाका म्हणाले आणि त्यांनी परत कौल लावला. ह्या वेळी होकार आला.

कापड सुटलं आणि मी बघितलं, तर दगडाला कंबर नव्हती. सपाट पोट होतं, आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता. तो टवका, मागे एकदा आमचा दडपायचा दगड माझ्या पायावर पडून मग फरशीवर आपटला, तेव्हा उडाला होता. खरं सांगायचं तर तो माझ्या डोळ्यांच्या आधी माझ्या अंगठ्याने ओळखला.

प्राध्यापकांनी यंत्र टेकवलं. म्हणाले, हा दगड ह्या किनाऱ्यावरचा नाहीच, हा पेंगहूचा. गर्दीतून एक सुस्कारा आला. म्हणाले, मीठ अगदी आतपर्यंत मुरलंय, म्हणजे हा फार वर्षं खाऱ्या पाण्यात होता. लियावकाकांनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले. मग प्राध्यापकांनी दगडाचा वास घेतला आणि जरा थांबून म्हणाले, थोडा आंबूस येतोय. क्वान चटकन म्हणाली, जुन्या बोटींवर आंबवलेल्या भाज्या नेत असणारच, हे पण घेऊ.

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ऐकलंत?"

म्हणजे मी मागितलं ते सगळं देवीने दिलं होतं. फक्त मोहरीच्या दगडाला दिलं होतं.

मी परसात गेले. झाकण उचललं. माझूआईचा नांगर पाल्यात कंबरेपर्यंत बुडून बसला होता. घरचे छोटे कौल पदराशी होतेच. (आम्ही बायका ते एप्रनच्या खिशात ठेवतो, पण पदराशी म्हटलं की बरं वाटतं.) आई, गप्प बसू का? हसली. आई, सांगू का? हसली. मी साबुदाण्याच्या गोळ्यांचा दुधाचा चहा सोडला. परत हसली. मी शेंगदाण्याची चिक्की सोडली. तरी हसतेच आहे. शेवटी मी म्हटलं, आई, दगड तुझा आहे, रांजण माझा आहे, आणि आत बसलेली म्हातारी आपल्या दोघींची आहे. जाऊ मी आत?

एक उताणा, एक पालथा.

मला भीती एकच होती: म्हातारीचं मन मोडेल. त्यासाठी अजून काहीतरी सोडायला हवं होतं, आणि आवडीचं फारसं उरलं नव्हतं. समोर रांजण होता. मी म्हटलं, तिचं मन सांभाळ, मी जन्मभर खारवलेली मोहरी खाणार नाही. आणि हात आत घातला.

दगड पोटाशी धरून, गळत्या पाण्यासकट मी घरात गेले. "हा खरा आहे," मी म्हटलं. "तो मोहरीचा."

मग कॅमेरावाला म्हणाला की उजेड माझ्या पाठीमागून होता, तर मावशी, एकदा बाहेर जाऊन परत याल का? मी बाहेर जाऊन परत आले. दुसऱ्या खेपेला मला वाटतं मी जास्त चांगलं म्हटलं.

"अगं, तो तर तू मला धुऊन दिला होतास," हे म्हणाले. लियावकाका कोटासकट खाली बसले.

सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे कालपासून मी मोहरीच्या दगडाला उदबत्ती ओवाळतेय?"

"हो."

"आणि माझूआईचा नांगर रांजणात?"

"हो, सासूबाई."

त्यांनी थोडा विचार केला. "बरं झालं. देव्हाऱ्यात धूर फार होतो."

प्राध्यापक मात्र अस्वस्थ झाले होते. म्हणाले, पण हा पहिला दगड पेंगहूचाच आहे, यंत्र चुकत नाही. तो तुमच्या रांजणात आला कुठून?

"माझ्या माहेरचा आहे तो," सासूबाई म्हणाल्या. "आईने लग्नात दिला. बोटीतून मांडीवर घेऊन आले मी."

"माहेर पेंगहूचं?"

"मग काय तैपेईचं?"

प्राध्यापकांना फार बरं वाटलं. ते बरोबर होते. मग त्यांनी खरा दगड हातात घेतला, पुसला, खाचेतून बोट फिरवलं, भिंगातून बघितलं. इतका वेळ घेतला की मी मनात सोडण्यासारखं अजून काही शोधत होते. शेवटी म्हणाले, "ही खाच दोराने घासून पडलीय. कुठल्यातरी बोटीचा नांगर होता हा, आणि खूप जुना. पण बोट कोणाची, तो बांधला कोणी, हे दगड सांगू शकत नाही."

सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. मी मात्र त्यांच्याकडे बघतही नव्हते, फोटोकडे बघत होते.

"कोणी बांधला ते त्याला विचारतंय कोण?" सासूबाई म्हणाल्या. "ते आम्हाला ठाऊक आहे. दोर घासल्याची खूण आहे म्हणालात ना? म्हणजे त्याने धरून ठेवलं होतं. झालं." आणि त्यांनी मला चहा टाकायला सांगितलं, सगळ्यांना.

कार्यक्रम महिन्याभराने लागला. देवळाच्या अंगणात पडदा बांधून सगळ्या गावाने बघितला. नांगराचं प्रकरण लवकर आटोपलं. रांजण बराच वेळ दाखवला. मी दोनदा दारातून आत येताना दिसते. खाली माझं नाव साय-श्या असं यायला हवं होतं, तिथे 'मोहरीवाली बाई' एवढंच आलं.

तोवर पाला मुरला होता. देवीचा दगड त्यावर एक रात्र बसला म्हणून लियावकाकांनी त्याला प्रसाद ठरवलं, आणि लोक वाट्या घेऊन आमच्या दारात रांगेत उभे राहिले. पलीकडच्या गावचेही आले. सगळे सांगतात, अशी मोहरी जन्मात खाल्ली नाही. मी रांजणाशी उभी राहून डावाने वाढते.

नवसातून सोडव म्हणून मी कौल लावून बघितला. देवी हसली. रोज हसते.

सासूबाई दोन वाट्या खाऊन म्हणाल्या, "चव दगडाची आहे गं. तू नुसतं मीठ घातलंस, आणि तेही जरा जास्तच."

हे खरं की खोटं, मला कसं कळणार? आणि ह्याची शहानिशा करायला कुठलंच चॅनेल यायला तयार नाही.