आप्पा इंजिनाला पाणी पाजतात

आमच्या आप्पांच्या होडीचं इंजिन तांब्यानं पाणी पितं. तेही घोट घोट. ते पीत असताना एखाद्या तरण्या गड्यानं हँडलला हात लावला की आप्पा खेकसतात, "सोड बे! पाहुना पानी प्यायच्या आत कामाला जुंपतो का?"

मी शिकवतो ती शाळा मांजरा धरणाच्या फुगवट्यापलीकडं आहे. रस्त्यानं फार मोठा वळसा पडतो, म्हणून आम्ही रोजचे काही जण आप्पांच्या होडीनं जातो. होडीचं डिझेल इंजिन पूर्वी त्यांच्या विहिरीवर होतं. ते तापू नये म्हणून एक छोटा पंप धरणातलं पाणी ओढून इंजिनाभोवती खेळवतो. पण होडी उभी राहिली की पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि पंप हवा धरतो. तसंच सुरू केलं तर इंजिन तापून जाम व्हायचं. म्हणून आधी पंपात वरून पाणी भरायचं.

दुसऱ्या कुणी हे बादलीनं झटक्यात उरकलं असतं. आप्पा तांब्याच्या तोंडाशी उपरणं धरून गाळून ओततात. मध्येच थांबून पंपाला कान लावतात. "आजून ढेकर न्हाई दिला," म्हणतात. बुडबुडा वर आला की चेहरा उजळतो. "दिला बगा!"

ओतता ओतता चौकशी चालू. "शेवंताबाई, नातीचा ताप उतरला का?" "गुरुजी, आईचा गुडगा काय म्हन्तो?" खरं सांगायचं तर आप्पांना उत्तर देता यावं म्हणूनच मी आईला रोज फोन करू लागलो. मुलगा म्हणून सुचायला हवं होतं, ते होडीत बसून सुचलं.

मेथीची पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या शेवंताबाई चिडवायच्या, "भाऊ, तुमचं इंजिन पानी पितंय का आंगूळ करतंय?"

"घाई कावून करता? येकदा हे बोंबलाय लागलं की कुनाचं कुनाला ऐकू येतंय व्हय? काय बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या."

आप्पांनी इतकं स्पष्ट सांगितलं, तरी माझं लक्ष शाळेच्या घंटेकडं. मी केजहून फुटवॉल आणला, म्हणजे पाइपातलं पाणी परत उतरू न देणारी झडप. आप्पांनी ती उलटसुलट करून पाहिली. "लई झ्याक हाय," म्हणाले, आणि मुकाट्यानं स्वतःच बसवली.

दुसऱ्या दिवसापासून बसलं की हँडल, हँडल मारलं की फटफट, आणि फटफट थांबली की पलीकडचा काठ. मी वेळेआधी शाळेत. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं आणि ते मी घेतलंही.

मग एकदा उतरताना आप्पांनी माझी बाही धरली. "गुरुजी, शेवंताबाईची नात दवाखान्यात हाय म्हनं?"

"होती आप्पा. परवा घरी आली. बरी आहे."

"घरी बी आली?" ते इंजिनाकडं बघत राहिले. "मला कुनी बोललंच न्हाई."

बायको गेल्यापासून आप्पा काठावरच्या घरात एकटेच असतात. संध्याकाळची शेवटची फेरी झाली की सकाळपर्यंत बोलायला माणूस नाही. त्या दिवशी मी फळ्यावर काय लिहिलं, मला आठवत नाही.

दुसऱ्या सकाळी मीच तांब्या त्यांच्यापुढं केला. "आप्पा, पाणी पाजा."

"कावून? फुटवॉल हाय की. पंप भरलेलाच हाय."

"असू द्या. पाजा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला त्यांच्याकडं बघवेना. मग त्यांनी उपरणं तांब्याच्या तोंडाशी धरलं आणि ओतायला सुरुवात केली. भरलेल्या पंपात थेंब शिरेना. सगळं पाणी उतू जाऊन त्यांच्या पायांवर सांडू लागलं. होडीतले बहुतेक जण शेतकरी. भरलेला पंप पाणी घेत नाही हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण कुणी हँडलकडं गेलं नाही. एकानं तंबाखू मळायला घेतली.

शेवंताबाई पाटी बाजूला सारून पुढं सरकल्या आणि नातीला सलाईन कशी लावली ते अगदी पहिल्यापासून सांगू लागल्या. बोलता बोलता त्यांचं लक्ष तांब्याकडं गेलं.

"हळू वता, भाऊ," त्या म्हणाल्या. "माजं आजून सांगून व्हायचंय."