महाराजांचा तत्काळ सुळा

बसा बाळांनो, मांडी घालून. तोंडातलं चॉकलेट आधी संपवा, कारण गोष्ट दातांची आहे.

ज्या जंगलात सगळ्यांना सगळं आजच हवं असायचं, तिथे खड्गदंत नावाचा वाघ राज्य करत होता. तिथली रीत अशी, की दर पाडव्याला राजानं भर दरबारात जबडा उघडून वरचे दोन्ही सुळे दाखवायचे. एक जरी कमी दिसला, तरी गादी बिबट्याची.

पाडवा उद्यावर आला आणि महाराजांचा एक सुळा मुळापर्यंत तडकला. महाराजांचं धाबं दणाणलं. त्यांनी तातडीनं डॉक्टर टोच्यांना बोलावलं. टोचे म्हणजे सुतारपक्षी, जंगलातले एकमेव दंतवैद्य.

"पूर्वी दात काढला की जखम भरेपर्यंत महिनोन्‌महिने थांबावं लागे," टोचे म्हणाले. "आता काढल्याबरोबर त्याच खळग्यात नव्या दातासाठी धातूची खुंटी बसवतो."

"मग बसवा की! बोलत काय बसलात?"

टोच्यांनी खळग्याच्या भिंती न फोडता सुळा अलगद उपटला. खळगा स्वच्छ केला. खुंटी मुळाच्याही पलीकडे, पक्क्या हाडात फिरवून घट्ट केली. भोवतीच्या फटीत हाडाची भुकटी भरली आणि खुंटीवर तात्पुरता सुळा चढवला. भूल दिली होती, तरी महाराज ओरडलेच. राजेच ते.

पाडव्याला दोन्ही सुळे झळकले. बिबट्यानं हिरमुसून टाळ्या वाजवल्या.

महाराज खूश झाले आणि लगेच पुढच्या रांगेतल्या पुतळाबाई नावाच्या चितळ हरिणीकडे वळले.

"अंहं!" टोचे ओरडले. "हाड खुंटीला धरेपर्यंत चावायचं नाही. खुंटी हलली की सुळा गेला. सुळा गेला की..."

बिबट्यानं कान टवकारले. महाराजांनी तोंड मिटलं.

"मग मी खायचं काय?"

"पेज."

तेव्हापासून टोचे अधूनमधून येतात, सुळ्यावर चोच मारतात, कान लावतात आणि मान हलवतात. "अजून कच्चं आहे, महाराज. थोडी कळ काढा."

तिथून ते थेट पुतळाबाईंकडे जातात. तिथे लाकडातल्या गुबगुबीत अळ्यांचं ताट तयार असतं.

"डॉक्टरसाहेब, खरं सांगा, हाडानं धरलं का हो?"

"केव्हाच! आता त्या सुळ्यानं दगडसुद्धा फुटेल."

"अगंबाई! मग अजून दोन घ्या ना. लाजू नका."

तात्पर्य: राजाला दात हवा असेल तर आजच्या आज बसवून द्यावा, चावायची परवानगी मात्र उद्या द्यावी, आणि उद्या विचारलं तर परवा. तोवर डॉक्टरांच्या जेवणाकडे प्रजेनं जातीनं लक्ष द्यावं.