किसनमामांच्या ढिल्या तारा

आमच्या मानवतमध्ये लाईट गेली की आनंद होणारा एकच माणूस आहे. भर दुपारी पंखा गरगरत थांबतो, गल्लीतली पिठाची गिरणी धापा टाकत गप्प होते, शेजारची बोअरची मोटर बंद पडते, घराघरांतून "गेली का!" असा एकच सूर निघतो; आणि माझ्या भिंतीपलीकडून खणखणीत आवाज येतो, "गेली! चला!"

हे किसनमामा. पस्तीस वर्षं लाईनमन होते. गावोगावच्या खांबांवर चढून लोकांची गेलेली लाईट आणून दिली, आणि रिटायर झाल्यावर स्वतःच ती जायची वाट बघत बसले. कारण मामांना गिटार रेकॉर्ड करायची असते आणि लाईट असली की गाव गप्प बसत नाही.

"खोटं वाटायलंय का सर? कान द्या जरा. तमाम गाव घूंऽऽ करायलंय."

मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण हा घूं मला मामांनी सांगेपर्यंत कधी ऐकू आला नव्हता. गल्लीत काही जणांचा पक्का समज होता, की मामाच जुन्या ओळखीवर फोन करून लाईट घालवतात. मामांनी तो समज कधी खोडून काढला नाही. "ओळख हाय," एवढंच म्हणायचे.

गिटार त्यांना ताडकळसच्या आठवडी बाजारात सापडली. कुठल्याशा मोडलेल्या ऑर्केस्ट्रा पार्टीचं सामान तिथं विकायला आलं होतं. मामा गेले होते बकरं घ्यायला, आले ते गिटार घेऊन. गयामामी, म्हणजे त्यांची बायको, दारातच उभ्या होत्या. त्यांनी गिटार वरून खालून न्याहाळली आणि म्हणाल्या, "बरं झालं. ह्याला चारा तरी लागत न्हाई."

शिकवायला गावात कोण असणार? बाजारातून आणली तेव्हा तिच्या तारा ढिल्याच होत्या, म्हणून मामांनी फोनवर ढिल्या तारांची गिटार शोधली आणि थेट अमेरिकेच्या हवाई बेटावर पोचले. तिथल्या व्हिडिओत एक जाडजूड माणूस, फुलाफुलांचा शर्ट घालून ओसरीवर बसून एकटाच वाजवायचा. मामा त्याला "पावणा" म्हणत. "सर, ह्या लोकायचे आजे बी ढोरं राखायचे. कुणीतरी परका माणूस गिटारी ठेवून गेला, ह्यांनी आपल्या मनानं तारा लावल्या. आमचा आजा मेंढरं राखायचा. आमच्याकडं कुणी ठेवून गेलं न्हाई, एवढाच फरक."

पावण्याची गिटार मामांना पटायचं खरं कारण वेगळं होतं. तिकडं काही तारा मुद्दाम सैल करतात, मग नुसता हात फिरवला तरी गोड वाजतं. मामा हेच आयुष्यभर सांगत आले होते. दोन खांबांमध्ये तार ताणून बांधायची नाही, तिला झोल ठेवायचा, नाहीतर थंडीत आक्रसून तुटते, हा लाईनमनचा पहिला धडा. मामांनी तो सगळ्या जगाला लावला होता. कुणी पोराला फार बोललं की, "झोल ठेवा." मंडपवाल्यानं दोरी आवळली की, "झोल ठेव रे." माझं लग्न जमलं तेव्हा माझ्या कानात आशीर्वादही तोच.

अंगठ्यानं खालचा ठेका आणि बाकी बोटांनी वरचं गाणं, असं एकाच हातानं दोघांचं काम ते करायचे. "अंगठा म्हंजी बैल. त्यानं इकडं तिकडं बघायचं न्हाई. बोटं वासरं हायत, त्यायला उड्या मारू द्यायच्या." त्यासाठी उजव्या हाताची नखं वाढवलेली. ती तुटू नयेत म्हणून त्यांवर नेलपॉलिश. जनरल स्टोअरवाल्यानं विचारलं, "मामीसाठी का?" मामा म्हणाले, "न्हाई, मला. लाल नको, पक्की बसणारी द्या."

पावण्याकडून त्यांनी आणखी एक गोष्ट उचलली. तिकडं म्हणे प्रत्येक घराची तारा सुरात लावायची रीत वेगळी, आणि ती परक्याला दाखवत नाहीत. झालं. कुणी दारात आलं, की मामा पटापटा खुंट्या फिरवून सातासमुद्रापलीकडचं ते गुपित ढिलं करून टाकत. दूधवाला आला, ढिलं. पोस्टमन आला, ढिलं. मानवतमध्ये कापूस-ज्वारी चोरणारे पुष्कळ असतील, गिटारीच्या तारा चोरणारा कुणी नव्हता. पण मामा सावध असत. माझ्यासमोर त्यांनी तारा ढिल्या करणं थांबवलं, त्याला दीड वर्ष लागलं. त्या दिवशी मला कुणीतरी घरातलं म्हटल्यासारखं झालं होतं.

लाईट गेली की मामा खिडकीला घोंगडी लावत. आजोबांची, काळ्या लोकरीची. "आवाज गिळती." हाताएवढा रेकॉर्डर, त्याला मामींच्या जुन्या स्वेटरची कापलेली बाही, आणि तो ज्वारीच्या कोठीवर ठेवलेला. मामा डोळे मिटत, अंगठा चालू लागे.

आणि तेवढ्यात दारातून आवाज येई: फट, फट, सर्र.

लाईट नाही म्हणजे टीव्ही नाही. टीव्ही नाही म्हटल्यावर गयामामी सूप घेऊन उंबऱ्यात उजेडाला बसत आणि ज्वारी पाखडत.

"अगं बंद कर की ते! रेकॉर्डिंग चालायलंय!"

"तुमी बंद करा आधी. ज्वारी काय तारा वाजवून साफ हुती का?"

"दहा मिण्ट थांब म्हणायलोय."

"मला फुरसत न्हाई. लाईट आली की माझी मालिका हाय."

मामा परत सुरू करत. मामी परत पाखडत. चार मिनिटं झाली की मामी दूध बघायला उठत, आणि मामा चिडून रेकॉर्डर बंद करत. तेवढ्यात पंखा फिरे. "आली बला!" मामा म्हणत. हे मी कित्येक दुपारी पाहिलं. हसलोही. ते कशावर चिडत, हे मात्र मी नीट पाहिलं नाही. सूप वाजतं म्हणून चिडत, असं मी धरून चाललो.

एका माघातल्या दुपारी मामा माझ्याकडे आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट. "सर, झालं. बारा मिण्टं सलग. पास झाली लाईन." रेकॉर्डर माझ्या हातात ठेवला. "त्या पावण्याला पाठवायचं. तुमच्या कम्प्युटरवर जरा नीट करून पाठवा."

नीट करून. मी रात्रभर मान मोडून ते नीट केलं. गिटार अप्रतिम होती, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्यामागे फट, फट, सर्र. मला मामांची दया आली. एवढं चांगलं वाजवलं आणि मामींनी पुन्हा घाण केली! आवाज साफ करायची एक युक्ती कम्प्युटरवर होती. मी सूप पुसून काढलं. एकूण एक फटका. साफ झालेलं त्याच नावानं जुन्यावरच ठेवलं. आणि रेकॉर्डरमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून उपकार म्हणून तोही रिकामा करून दिला.

पाठवलं. पावण्यानं उत्तरात अंगठ्याचं चित्र पाठवलं. मामांनी ते बघितलं. "अंगठा कामून? माझा अंगठा तर बराबर चाललाय."

मग मी त्यांना ते ऐकवलं. मामा ऐकत होते. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाचव्याला दाराकडे. संपल्यावर म्हणाले, "लय साफ केलं, सर."

"आवडलं ना?"

"साफ केलं." मग हळूच म्हणाले, "असली हाय ना पर? पयलं हुतं तसं?"

मला तेव्हाच कळलं. सगळं नाही, पण पुरेसं कळलं. ती बारा मिनिटं पास झाली होती, कारण मामी पहिल्यांदाच मध्ये उठल्या नव्हत्या. मामा वर्षानुवर्षं गिटार रेकॉर्ड करतच नव्हते. ते दोघांना रेकॉर्ड करत होते. मी त्यांचं भांडण खरं मानलं होतं.

आणि मी म्हणालो, "आहे की, मामा. कम्प्युटरमध्ये जपून ठेवलंय."

एवढंच वाक्य. त्या दिवशी खरं बोललो असतो तर मामांनी दोन शिव्या हासडल्या असत्या आणि पुढची लाईट जायची वाट बघितली असती. मामी पलीकडच्या खोलीत होत्या, चांगल्या धडधाकट. सूप भिंतीला होतं, ज्वारी कोठीत होती. पण असली जपून आहे म्हटल्यावर मामांनी रेकॉर्डर डब्यात ठेवून दिला. "एकदा फॉल्ट निघाला की उगी खांबावर चढू न्हाई," म्हणाले. त्यानंतर नऊ महिने ते दोघं दर वेळी लाईट गेली की तसेच वाजवत राहिले, फट, फट, सर्र, आणि ते कुणी टिपून घेतलं नाही. मी भिंतीअलीकडे बसून ऐकत होतो. खिशात फोन होता. माझं धाडस झालं नाही. टिपायला गेलो असतो तर का टिपतोय हे सांगावं लागलं असतं.

दिवाळीच्या आधी मामी दोन दिवसांच्या तापानं गेल्या.

तेराव्यानंतर मामा आले. "सर, ते असली द्या."

"शोधून देतो, मामा."

पुढची दोन वर्षं मी शोधत होतो. कम्प्युटर बिघडलाय, परभणीला दुरुस्तीला दिलाय, परीक्षा चालू आहेत, दुसऱ्या फोल्डरात गेलं असेल. मामा दर महिन्याला एकदा विचारत, ओशाळून, जणू चूक त्यांचीच आहे. मग दोन महिन्यांतून एकदा. मग विचारीनासे झाले. ते जास्त जड गेलं.

गेल्या चैत्रात एका दुपारी लाईट गेली. पलीकडून "चला" ऐकू आलं नाही. मी उठून गेलो. मामा गिटार घेऊन बसले होते. समोर सूप, सुपात पसाभर ज्वारी.

"या सर. म्याच पाखडून बघायलो. पर सुपाला दोन हात लागतेत, गिटारीला दोन. हात कमी पडायलेत." आणि हसले.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पुसलं ते, खोटं बोललो ते. मामी होत्या तेव्हाच मला माहीत होतं, हे पण.

मामांचा डावा हात खुंट्यांवर गेला. एक तार ढिली केली. दुसरी. एकेक करून सहाही. दूधवाल्यासमोर करायचे तशा.

मग म्हणाले, "सर, झोल ठेवावा लागतो. म्याच सांगायचो. पर एवढा बी न्हाई. तार जमिनीला टेकली की माणूस मरतो."

मी चपला शोधू लागलो. तेवढ्यात पंखा फिरला, लाईट आली. सुपातलं फोलपट उडून आमच्या दोघांच्या अंगावर पडलं. मामा उठले, दाराशी गेले आणि मेन स्विच खटकन खाली ओढला. पंखा थांबला. गल्लीतली गिरणी चालूच होती, मोटरही. मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही. परत बसले आणि माझ्यादेखत, एकेक खुंटी पिळत, तारा लावू लागले. मी नजर खाली घातली.

"सूप घ्या," ते म्हणाले.

मी घेतलं. पहिल्याच फटक्याला निम्मी ज्वारी फरशीवर सांडली.

"न्हाई. असं न्हाई ते. दोनदा आपटायचं, मंग सरकवायचं. तिला कुणी शिकिवलं न्हवतं."

अजूनही लाईट गेली की मी जातो. ज्वारी आता सांडत नाही, पण माझा ठेका मामांच्या अंगठ्याच्या मागे-पुढे होतो. मामा "न्हाई" म्हणतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. रेकॉर्डर डब्यातच आहे. तो बाहेर काढा, असं मी अजून म्हटलेलं नाही, आणि मामांनीही त्याच्याकडे कधी बघितलेलं नाही.