हेल्मेट घालून जेवणाऱ्या हौसामावशी

आमच्या शेजारच्या हौसामावशी दुपारचं जेवण हेल्मेट घालून जेवतात. आधी पदर डोक्यावरून सारखा करायचा, त्यावर लाल हेल्मेट चढवायचं, हनुवटीखाली पट्टा करकचून आवळायचा आणि मग भाकरी कुस्करायला घ्यायची. पट्ट्यामुळे तोंड पुरतं उघडत नाही, म्हणून घास बारीक. नवा माणूस बघत राहिला की मावशी म्हणतात, "खोटं वाटतंय व्हय? बसा जरा. आत्ता हुईल."

आणि होतंच. डोंगरावर भोंगा वाजतो, मग धडाम् करून सुरुंग उडतो, पायाखालची जमीन थरथरते आणि आढ्यावरून माती ताटात पडते. मावशी वरची माती बोटानं निवडतात आणि पुढं जेवायला लागतात.

हे हेल्मेट त्यांनी नारायणगावच्या बाजारात घेतलं. दुकानदारानं विचारलं, "मावशी, गाडी कंची हाय?" मावशी म्हणाल्या, "गाडी न्हाई. घर हाय."

आमची वाडी डोंगराच्या पायथ्याला आहे. घोडेगावला जाणारा रस्ता इथून थोडा लांब पडतो. पूर्वी या डोंगरावर मावशींच्या मालकांची मेंढरं चरायची. मालक गेले, मेंढरं विकून विकून मूठभर उरली, आणि डोंगरावर दगडाची खाण आली. खाली दगड फोडायचा क्रशर बसला. रस्त्यांना खडी लागते, ती आमच्या डोंगराची जाते. आमच्या अंगणवाडीतली पोरं भोंगा वाजला की गाणं थांबवून आपणहून कानावर हात ठेवतात. मी त्यांना ते कधी शिकवलं नाही.

मावशींच्या भिंतीला तडे गेले, तशी त्यांनी तड्यांना नावं दिली. दाराजवळचा उपसरपंच, चुलीमागचा ग्रामसेवक, आणि सगळ्यात मोठा तो सरपंच. "सरपंच औंदा लई फुगला बाई. पार आढ्याला टेकला," असं त्या पाणवठ्यावर मोठ्यानं सांगायच्या. खऱ्या सरपंचांच्या कानावर हे जायचंच. त्यांचे ट्रॅक्टर खाणीवर भाड्यानं चालत होते.

दोन्ही लेकी लग्न होऊन लांब गेल्या. धाकटी चाकणला असते. ती फोनवर रडायची, "आई, इकडं ये." मावशी म्हणायच्या, "आन् मेंढरांस्नी काय तुझ्या बिल्डिंगीत लिफ्टनं नेऊ?" फोन ठेवला की उठून मेंढरांकडं जायच्या.

शेवटी खाणीवरून ग्रामसभा भरली. देवळाच्या मंडपात तालुक्याचे साहेब आले, खाणीचा मॅनेजर आला, आणि एक इंजिनिअर धक्का मोजायचं यंत्र घेऊन आला. मावशी पहिल्या रांगेत हेल्मेट घालून बसल्या. साहेब म्हणाले, "आजी, ते काढा, इथं काही पडणार नाही." मावशी म्हणाल्या, "वाडीत पन माती पडंल म्हनून कुनी सांगितलं नव्हतं साहेब."

सुरुंग उडवून दाखवला. फुसकाच उडाला. मंडपातली घंटासुद्धा हलली नाही. इंजिनिअर यंत्राकडं बघून म्हणाला, "धक्का मर्यादेत आहे. घरांना धोका नाही." मावशी उठल्या. "आज पावणं आल्यात म्हनून डोंगर हळू बोलला. उद्या या. माझ्या घरात जेवाय बसा."

सगळे हसले. मग मागून दत्ता उठला. तो खाणीवर डंपर चालवतो, मावशींच्या भावकीतलाच. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मावशे, तुजी भांडी पडत्यात म्हनून खाण बंद करायची का? माझ्यासारखी पोरं कुठं जातील मग? परत पुण्याला हमाली करायला?"

"आन् माझ्यावर भित पडली म्हंजी?"

"तुजी भित मी बांधून देतो! पन खाण नको बंद पाडू."

मंडपात दोन्ही बाजूंनी आरडाओरडा सुरू झाला. पाण्याची बोअर गढूळ झाली म्हणून बायका भांडत होत्या, पोरं कामाचं ओरडत होती. शेवटी ठरलं एवढंच, की सुरुंग फक्त दुपारी उडवायचा, आधी भोंगा वाजवायचा आणि घरांची पाहणी करायची. पाहणीला अजून कोणी आलेलं नाही.

खाणीवर सुरुंग भरणारा माणूस झारखंडकडचा होता. भोंग्याआधी तो लाल फडकं घेऊन वाडीत यायचा आणि शिट्टी वाजवायचा. "माताजी, अंदर मत बैठो, बाहर आओ." मावशी त्याच्यावर धावून जायच्या. "माझ्याच घरातनं मला भायेर काढतोस व्हय रं? तूच जा की तुझ्या गावाला!" त्याला एक अक्षर कळत नसावं. तो हसायचा, मेंढरांना हात लावून पुढं जायचा.

एका दुपारी सगळे सुरुंग उडाले, एक राहिला. तो माणूस बघायला गेला, आणि राहिलेला सुरुंग उडाला.

आरडाओरडा ऐकून मी पोरांना मदतनीस बाईंपाशी सोडून धावले. वर पोचले तर मावशी माझ्याआधी पोचलेल्या. त्यांना गुडघेदुखी आहे, त्या कशा चढल्या कोण जाणे. मॅनेजर लांब उभा राहून फोनवर बोलत होता. मावशींनी त्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि स्वतःच्या लुगड्याचा पदर फाडून त्याच्या छातीवर दाबून धरला होता.

दत्तानं जीप आणली. नारायणगावपर्यंत तो माणूस त्याच्या भाषेत काही काही बोलत होता. आम्हाला काही कळेना. मावशी मात्र प्रत्येक वेळी हुंकार देत होत्या. "व्हय बाबा. आलंच. ह्ये काय, आलंच."

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "कोण लागतात तुम्ही?"

"आत्या," मावशी म्हणाल्या.

नर्सनं त्यांच्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि आत जाऊ दिलं. दिवस मावळायच्या आत तो गेला. खाणीच्या माणसांनी गाडी करून त्याला गावाकडं पाठवून दिलं. खाण काही दिवस बंद राहिली, मग सुरू झाली. आता फडकं घेऊन दुसरा माणूस येतो.

त्या दिवशी परत आल्यावर मावशींनी दारातच डोक्यावरून पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांची चूल पेटलेली दिसली नाही, म्हणून मी भाकरी घेऊन गेले. म्हणाल्या, "तिथंच ठेव. शिवू नगंस. सुतक हाय."

"कुनाचं?"

"त्येचं."

"मावशी, त्यो आपला कोन? तिकडं त्याचं घर आहे, ते लोक करतील की सगळं."

"करतील की. पन जीव इथं गेला ना गं त्येचा? मंग इथं कुनी नको का धरायला?" मग म्हणाल्या, "आमच्या मालकांना मरण आलं, तवा मी मेंढरांमागं रानात. जवळ कुनी नव्हतं."

हे त्यांनी इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं.

दहाव्याला त्यांनी मला बोलावलं. दत्ता न बोलावता आला आणि कुडाला टेकून खाली मान घालून उभा राहिला. मावशींनी दुकानातून तांदूळ आणले होते. त्या स्वतः बाजरीच्या भाकरीशिवाय जेवत नाहीत.

"त्येला काय आवडत व्हतं, ठावं न्हाई," त्या मला म्हणाल्या. "तिकडची मान्सं भात खात्यात म्हनं. झालाय ना गं नीट? मला मेलीला भात जमत न्हाई."

भात गिचका झाला होता. मी म्हणाले, "चांगला झालाय."

त्यांनी पानावर भात वाढला, वर डाळ घातली, बाजूला गुळाचा खडा ठेवला. पान बांधावर नेऊन ठेवलं आणि मागं सरून उभ्या राहिल्या. मग काही आठवल्यासारखं परत पुढं गेल्या आणि पाण्याचा तांब्या पानाजवळ सरकवून ठेवला.

"सावकाश जेव," त्या म्हणाल्या. "कामाची घाई न्हाई आता."