पांढऱ्या छपरांची आणि परमुलखींच्या परिषदेची हकिकत

श्रीसूर्यनारायण अतिप्रसन्न. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख मासीं एका दौलतीचे शहरीं ऊन ऐसें पडलें कीं पत्र्याचे घरांत माणसें बसल्या जागीं गेलीं. तेथें सरूबाई घोडेराव म्हणोन आरोग्यखात्याच्या कामगार होत्या. त्यांणीं चुना कालवून कोष्टीपुऱ्याचीं छपरें पांढरीं केलीं, आणि खालीं उष्मा उतरला, आणि त्या पुऱ्यांत एकही मयत जाहलें नाहीं. मग हें वर्तमान नगराध्यक्ष तुळाजीराव यांसी कळोन संतोष पावले, आणि कार्तिकीं परमुलखीं सर्व दौलतींची हवामानाची परिषद भरली तेथें बाईंस समागमें घेऊन गेले.

तेथें वजीर बोलिले, "ही लढाई शहरेंच जिंकतील." टाळ्या जाहल्या, तुळाजीरावांस शाल पांघरविली. मग ठराव लिहावयाची वेळ आली, तों चोपदारानें दार अडविलें, "आंत दौलतींचींच आसनें. शहरांनीं मांडवांत बसावें, फराळ मांडिला आहे."

बाई म्हणाल्या, "माणसं मरतात आमच्या गल्लीत, आणि ठराव यांचा?"

"बाई, हळू बोला," तुळाजीराव म्हणाले, "अंगावर शाल आहे."

मग स्वदेशीं येऊन बाईंनीं बुरुडपुऱ्यासाठीं चुना मागितला. तेथील गेनबा बुरूड रोज पुसे, "बाई, आमचं छप्पर कधी?" बाई म्हणत, "उन्हाळ्याआधी." परंतु चैत्रीं परमुलखाचे वकील पांढरीं छपरें पाहूं येणार, सबब सारा चुना त्यांचे वाटेवरील दुकानांस आणि गोदामांस लागला. आणि वकील येण्याचे आदले दिवशीं दुपारीं गेनबा टोपली विणतां विणतां कलंडला तो उठला नाहीं.

वकील आले, छपरें पाहोन वाहवा केली. तेव्हां बाईंनीं त्यांचा हात धरून बुरुडपुऱ्यांत नेलें आणि गेनबाचे पत्र्यास लाविला. तळहात पोळला. वकिलांनीं खेद दर्शविला आणि गाडींत बसले. तुळाजीराव संतप्त होऊन बाईंस मृत्युनोंदणीचे कचेरींत बसविते जाहले. तेथें बाईंनीं त्या उन्हाळ्याचे प्रत्येक नांवापुढें कारण लिहिलें, ‘ऊन’. मग वरून हुकूम येऊन पान बदललें.

सारांश, त्या वर्षीं बुरुडपुऱ्यांत एकवीस माणसें गेलीं. दफ्तरीं कारण ‘वार्धक्य’ आहे. पैकीं सहा जणांस तिसावें वर्ष लागलें नव्हतें.