पाण्याच्या मीटरवरचा हट्टी आकडा

"हा मीटरवरचा आकडा आहे ना, त्याला कुणाचाच भाग जात नाही," शिंपी म्हणाला. "दोन, तीन, पाच, सात, सगळे लावून पाहिले. हट्टी आहे लेकाचा."

प्लंबर खो खो हसला. "लाखाच्या वरचा आकडा, काहीतरी जाणारच की! लावतोस पैज? हरेल त्याने दुसऱ्याची स्कूटर धुवायची. इथंच फाटकात, सगळ्यांसमोर."

"लावली!"

आकडा होता १०४७२९. निवाड्याला तिसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंना बोलावलं. पण एक बादली भरली की मीटर एकाने पुढे जायचा, म्हणून प्लंबरने वरच्या घरांचं पाणीच तोडलं. बाई भागाकार करत सुटल्या. तासाभरात दुसऱ्या मजल्यावरचे काका डोक्याला साबण लावलेले गॅलरीत आले.

"बाई, किती राहिलं?"

"दोनशे एकोणचाळीस झाला. तीनशे तेवीसच्या पुढे बघायची गरज नाही."

का नाही, ते बाईंनी दोनदा समजावलं. सगळ्यांनी माना हलवल्या, म्हणजे कुणालाच काही कळलं नव्हतं.

शेवटी बाई म्हणाल्या, "नाही जात. कुणाचाच नाही."

प्लंबरचं तोंड एवढंसं झालं. त्याने फाटकातल्या नळाखाली बादली भरली, फडकं पिळलं आणि सहज मीटरकडे पाहिलं. १०४७३०!

"थांबा! शेवटी शून्य! दहाने भाग जातो! पैज मीटरवरच्या आकड्याची होती ना? मग धर फडकं!"

"अरे, ती सकाळच्या आकड्याची!"

"सकाळच्या असं कोण म्हणालं?"

कुणीच म्हणालं नव्हतं. बाईही गोंधळल्या. "बोलल्याप्रमाणे... याचं बरोबर आहे बाबा."

"अहो, पाणी सोडा!" काका वरून ओरडले.

"आधी स्कूटर! वर पाणी सोडलं की आकडा पळेल," प्लंबर म्हणाला आणि खुर्ची टाकून बसला. "ए, चाक घास नीट. साबण राहिलाय बघ. ओत अजून!"

शिंपी बादलीमागून बादली ओतत होता. कंबर धरली, शर्ट भिजला. बाई मात्र पुन्हा कागदात डोकं घालून बसल्या होत्या. आठव्या बादलीला त्या उठल्या, शिंप्याच्या कानात काहीतरी पुटपुटल्या, आणि शिंप्याच्या अंगात वारंच शिरलं.

"मडगार्डखाली माती आहे. घालू एक?"

"घाल की!"

"आरसा?"

"आरसाही!"

प्लंबरने भरलेली पहिली धरून तेरा बादल्या झाल्या. स्कूटर लखलखत होती.

"शेवटची एक, वरून?"

"अरे, घाल ना! विचारतोस काय?"

चौदावी भरली. शिंप्याने नळ करकचून बंद केला. बाईंनी चष्मा सारखा करत वाचलं, "१०४७४३. याला कुणाचाच भाग जात नाही. मघाशीच बघून ठेवलंय."

प्लंबर ताडकन उठला. "अहो, पण पैज..."

"मीटरवरच्या आकड्याची," सगळे एका सुरात म्हणाले.

"बरं बाबा, धुतो. सोड नळ."

"छे! आता या मीटरमधून एक थेंब नको," शिंपी म्हणाला आणि त्याने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

प्लंबर रिकामी बादली घेऊन रस्ता ओलांडून गेला. अख्खी गल्ली बघत होती. समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमनने त्याला नळ सोडून दिला आणि कळवळून विचारलं, "काय हो, तुमच्याकडे पाणी येत नाही? एखादा प्लंबर का नाही बोलावत?"